रयतेचे अण्णा

रयत हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत रैयत किंवा रिआया म्हणतात, त्याच घरातला हा शब्द. अरबीतून तो फारसीत आला, फारसीतून मराठीत आला आणि इथलाच होऊन गेला. शिवाजी महाराजांच्या काळातील पत्रांतही तो सापडतो. रयत म्हणजे सामान्य प्रजा. महाराष्ट्राच्या खेड्यांत प्रजा म्हणजे मुख्यतः शेतकरी. पाऊस पडला तर पोटभर खाणारा आणि नाही पडला तर कर्ज काढणारा.

१९१९ साली एका माणसाने शिक्षणसंस्था काढली. तिला त्याने राजाचे नाव दिले नाही, देवाचे दिले नाही, पैसे देणाऱ्या श्रीमंताचेही दिले नाही. त्याने तिला रयतेचे नाव दिले. या माणसाचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील. सारे लोक त्यांना अण्णा म्हणत. पुढे लोकांनीच त्यांना कर्मवीर ही पदवी दिली.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज या गावी झाला. त्यांचे घराणे जैन. मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. ते आज सांगली जिल्ह्यात आहे. वडील सरकारच्या महसूल खात्यात नोकरीला होते. त्यांची बदली होई तसे घरही गावोगाव हिंडे. त्यामुळे छोट्या भाऊरावांनी लहानपणीच अनेक गावे पाहिली. या गावांत एक गोष्ट सगळीकडे सारखीच होती. काही माणसांना अस्पृश्य समजून दूर ठेवले जात असे. सार्वजनिक विहिरीवर त्यांना पाणी भरू देत नसत. कोणी दया येऊन ओंजळीत पाणी ओतेल, म्हणून त्यांना विहिरीपाशी ताटकळत उभे राहावे लागे. हे पाहून भाऊरावांनी एकदा रागाच्या भरात विहिरीचा रहाटच मोडून टाकला, असे सांगतात. मुलगा अंगाने दांडगा होता, पोहण्यात आणि कुस्तीत पुढे होता. अभ्यासात मात्र त्याचे मन फारसे रमत नव्हते.

पुढच्या शिक्षणासाठी वडिलांनी त्याला कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये घातले. राहण्याची सोय जैन बोर्डिंगमध्ये झाली. त्या वेळी कोल्हापुरात राजर्षी शाहू छत्रपतींचे राज्य होते. खेड्यातला हुशार मुलगा शहरात शिकायला आला तर तो राहणार कुठे आणि जेवणार काय, हा प्रश्न शाहू महाराजांनी ओळखला होता. म्हणून त्यांनी अनेक समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढायला मदत केली. मराठ्यांचे वसतिगृह निघाले, जैनांचे निघाले. १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांसाठी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या जातींतील मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले.

या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध व्हावे, असे त्यांना सांगण्यात आले. ते त्यांनी मानले नाही. आपण काही पाप केलेले नाही, मग धुवायचे काय, असा त्यांचा सरळ हिशेब होता. याबद्दल त्यांना जैन बोर्डिंग सोडावे लागले. काही काळ ते शाहू महाराजांच्या आश्रयाला राहिले. शाळेत मात्र गाडी इंग्रजी सहावीत अडली. गणित जमेना. मुलाला वरच्या वर्गात घालावे, असा निरोप महाराजांकडून शिक्षकांकडे गेला. शिक्षकांनी तो नम्रपणे नाकारला. ज्या बाकावर हा मुलगा बसतो तो बाक एक वेळ वर ढकलता येईल, पण या मुलाला ढकलता येणार नाही, असे त्यांनी कळवले म्हणे. राजाचा शब्दही न मानणारा हा शिक्षक आणि त्याच्यावर न रागावणारा तो राजा, दोघांचेही मला कौतुक वाटते. भाऊरावांचे शालेय शिक्षण तिथेच संपले.

नंतरची काही वर्षे धडपडीची गेली. लक्ष्मीबाईंशी त्यांचे लग्न झाले. साताऱ्याला येऊन ते मुलांच्या शिकवण्या घेऊ लागले. तिथे त्यांना पाटील मास्तर हे नाव पडले. १९१४ साली त्यांच्यावर एक मोठे संकट आले. कोल्हापुरात एका पुतळ्याला कोणी तरी डांबर फासले. पोलिसांचा संशय अण्णासाहेब लठ्ठे यांच्यावर होता. लठ्ठे यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी, म्हणून भाऊरावांना कोठडीत घालून त्यांचा छळ करण्यात आला. आता गंमत पाहा. भाऊराव ज्या जैन बोर्डिंगमधून बाहेर पडले, त्याची व्यवस्था याच लठ्ठ्यांकडे होती. भाऊरावांना जुना राग काढायचा असता, तर ही संधी आयती चालून आली होती. पण खोटी साक्ष त्यांनी दिली नाही. मार सोसला, जिवावरचे दुखणे सोसले आणि ते सुटून बाहेर आले.

त्यानंतर त्यांनी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्याचे काम धरले. वरवर पाहता नांगर आणि शाळा यांचा काही संबंध दिसत नाही. तरी मला वाटते, भाऊराव खरे शिक्षक झाले ते याच कामात. त्या काळी शेतकरी लाकडी नांगर वापरत. लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनेल, अशी भीती पुष्कळांना वाटे. अशा माणसापुढे व्याख्यान देऊन उपयोग नसतो. त्याच्या शेतात जावे लागते, नांगर धरून एक तास काढून दाखवावा लागतो आणि त्याच्या बांधावर बसून त्याची भाकरी खावी लागते. भाऊरावांनी हे वर्षानुवर्षे केले. गावोगावच्या घरांत त्यांची ऊठबस झाली. कोणाचा मुलगा गुरे राखतो, कोणाचा चौथी पास होऊन घरी बसला आहे, कोणाचे शेत सावकाराकडे गहाण आहे, हे त्यांना कळत गेले.

त्यांना असे दिसले की खेड्यातला बाप शिक्षणाचा वैरी नाही. त्याच्या अडचणी खऱ्या आहेत. मुलगा शाळेत गेला तर गुरांमागे कोण जाणार? शहरात पाठवला तर त्याच्या जेवणाचा खर्च कोण करणार? आणि शिकून तो कामाला लाजू लागला तर? या शंकांची उत्तरे दिल्याशिवाय नुसती शाळा काढून काही होणार नव्हते.

दुधगावला १९१०च्या सुमारास त्यांनी सोबत्यांच्या मदतीने निरनिराळ्या जातींच्या मुलांचे एक वसतिगृह चालवून पाहिले होते. त्याच अनुभवावर पुढचे पाऊल पडले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, कराडजवळच्या काले या गावी सत्यशोधक समाजाच्या परिषदेत रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्याला आले.

साताऱ्यात भाऊरावांनी आपल्या घरीच मुले ठेवायला सुरुवात केली. शाहू महाराजांनी वसतिगृहे काढली ती प्रत्येक समाजासाठी वेगळी होती. त्या काळात तेवढे करणे हीसुद्धा मोठी गोष्ट होती. भाऊराव त्याच्या पुढे गेले. त्यांच्या वसतिगृहात मराठा, मुसलमान, जैन, धनगर, माळी, महार, मांग अशी सारी मुले एका छपराखाली राहत. एकाच चुलीवरचे अन्न एकाच पंगतीत बसून खात. स्वयंपाकाची, पाणी भरण्याची, झाडलोटीची पाळी सर्वांना येई. हिशेबही मुलेच लिहीत. आज हे वाचताना त्यात विशेष काही वाटणार नाही. पण १९२४ साली साताऱ्यासारख्या गावात ही पंगत म्हणजे धाडस होते. अनेक आईबाप घाबरले. मुलगा बाटेल, नातेवाईक वाळीत टाकतील, त्याचे लग्न जमणार नाही, अशी त्यांना काळजी वाटे.

भाऊराव अशा घरी स्वतः जात. अंगात जाडीभरडी खादी, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. वयाबरोबर छातीवर रुळणारी पांढरी दाढी आली. आवाज मोठा आणि बोलणे अस्सल गावरान. ते शेतकऱ्याशी शेतकऱ्यासारखे बोलत. मुलाची फी मागत नसत. जमेल तेवढे धान्य मात्र मागत. घरातल्या बाईने रोज दळणाला बसताना एक मूठ धान्य बाजूला काढावे आणि ते वसतिगृहासाठी द्यावे, अशी मूठभर धान्याची पद्धत त्यांनी रूढ केली. तिला मुष्टिफंड म्हणत. एक मूठ ज्वारीने कोणाचे घर बुडत नाही. पण ती मूठ रोज बाजूला काढणाऱ्या बाईला वसतिगृह आपले वाटू लागते. तिथे कोण मुले आहेत, ती काय शिकतात, आपला पोरगाही तिथे जाईल का, असे प्रश्न ती विचारू लागते. धान्यापेक्षा या विचारपुशीचे मोल भाऊरावांना जास्त होते, असे त्यांचे एकंदर वागणे पाहिले की वाटते.

या वसतिगृहाचा सगळ्यात जड भार मात्र लक्ष्मीबाईंनी उचलला. मुले त्यांना वहिनी म्हणत. त्या सुखवस्तू आणि धर्मनिष्ठ घरातून आल्या होत्या. अंगावर भरपूर सोने घेऊन सासरी आल्या होत्या. सोवळेओवळे पाळण्याची सवय लहानपणापासूनची. अशा बाईच्या स्वयंपाकघरात साऱ्या जातींची मुले वावरू लागली. हे त्यांना पहिल्या दिवसापासून सहज जमले असेल, असे समजू नका. मनाला वळण लावावे लागले. पण एकदा त्यांनी त्या मुलांना आपले म्हटले आणि मग मागे पाहिले नाही. मुलांसाठी त्यांनी भाकरी भाजल्या, आजारी मुलांची उशाशी बसून सेवा केली.

वसतिगृहात धान्य संपले की दागिन्यांचा डबा उघडे. एकेक दागिना गेला. एकदा भाऊराव वर्गणीसाठी परगावी गेले होते. घरात काही उरले नव्हते आणि मुले उपाशी राहणार अशी वेळ आली. दागिने तर आधीच संपले होते. गळ्यात फक्त मंगळसूत्र होते. मंगळसूत्र ही हिंदू आणि जैन घरांतली सवाष्ण बाई प्राणापलीकडे जपते अशी वस्तू. पती जिवंत असताना ती गळ्यातून काढत नाही. लक्ष्मीबाईंनी ते काढून दिले, आणि त्या पैशांवर मुलांच्या पुढच्या जेवणाची सोय झाली. १९३० साली लक्ष्मीबाई वारल्या. संस्थेची भरभराट त्यांना पाहता आली नाही. भाऊरावांचे नाव साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. लक्ष्मीबाईंचे नाव त्या मानाने फार थोडे घेतले जाते. हे बरोबर नाही.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्याला आले आणि त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव देण्यात आले. सर्व जातींची मुले एकत्र वाढताना पाहून गांधीजींना फार समाधान वाटले. १९३२ साली पुणे करार झाला. त्याची आठवण म्हणून भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग हाउस हे असेच मिश्र वसतिगृह काढले.

वसतिगृहामुळे मुलांची राहण्याची सोय झाली. तरी मूळ दुखणे खेड्यातच होते. सातारा जिल्ह्याचा पश्चिम भाग डोंगरांचा. पावसाळ्यात ओढे भरले की गावे एकमेकांपासून तुटत. अशा वाड्यावस्त्यांवर शाळाच नव्हती. लोकल बोर्डाच्या शाळा होत्या त्या मोठ्या गावांत. शाळा काढायची तर शिक्षक हवा, आणि शहरातला शिक्षक डोंगरात टिकत नसे. बदलीचा अर्ज खिशात घालूनच तो गावात येई.

यावर भाऊरावांनी उपाय शोधला. जो मुलगा स्वतः वाडीवर वाढला आहे, ज्याने वसतिगृहात पाणी भरले आहे आणि भाकरी भाजली आहे, त्यालाच शिक्षक करायचे. १९३५ साली साताऱ्यात त्यांनी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू केले. पुढे त्याला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. इथे शिक्षण घेणाऱ्यांना अध्यापनाबरोबर शेतीही करावी लागे. खेड्यातील शिक्षकाचा दिवस शाळेच्या घंटेबरोबर संपत नाही, हे त्यांना आधीच कळावे असा हेतू होता. पत्र वाचून दाखवायचे, अर्ज लिहून द्यायचा, भांडण मिटवायचे, लस टोचायला माणसे गोळा करायची, अशी पन्नास कामे त्याच्याकडे येत.

१९३७ साली मुंबई प्रांतात लोकांनी निवडलेले सरकार आले. संस्थांनी आपल्या जबाबदारीवर शाळा चालवाव्यात आणि सरकारने त्यांना थोडे अनुदान द्यावे, असे ठरले. अशा शाळांना व्हॉलंटरी शाळा म्हणत. भाऊराव जणू याचीच वाट पाहत होते. त्यांनी डोंगरी भागात एकामागून एक शाळा काढल्या. पुढे त्यांची संख्या ५७८ पर्यंत गेली. एवढ्या शाळांना इमारती कुठून आणणार? इमारतींची त्यांनी वाटच पाहिली नाही. गावाने जागा द्यायची. कुठे देवळात, कुठे चावडीत, कुठे कोणाच्या पडवीत वर्ग भरे. शिक्षकाने गावातच राहायचे. त्याचा पगार तुटपुंजा असे. उरलेली उणीव गाव भाजीभाकरीने भरून काढी. या सौद्यात गाव आणि शिक्षक एकमेकांना बांधले गेले. शाळा बंद पडली तर फक्त शिक्षकाचे नुकसान नव्हते आणि फक्त गावाचेही नव्हते.

या शाळांत उणिवा पुष्कळ होत्या. एकाच खोलीत चार वर्ग, पाट्या अपुऱ्या, सुगीच्या दिवसांत निम्मी मुले शेतावर. शिक्षक विशीतले पोर, कधी कधी घाबरून जाई. भाऊराव अचानक पायी येऊन उभे राहत. त्यांचा स्वभाव तापट होता. शाळा अस्वच्छ दिसली किंवा शिक्षक गैरहजर आढळला तर ते कोणाची भीड ठेवत नसत. त्यांच्या हाताचा प्रसादही अनेकांना मिळाला आहे. हे रागावणे सर्वांनाच रुचत होते असे नाही. पण रागावून झाले की ते त्याच शिक्षकाच्या शेजारी बसून भाकरी खात आणि घरची विचारपूस करत. म्हणून माणसे त्यांना सोडून गेली नाहीत. पुढे खेड्यांतील प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी सरकारने घेतली, तेव्हा या शाळा सरकारी व्यवस्थेत सामील झाल्या.

मग प्रश्न आला माध्यमिक शिक्षणाचा. गरीब मुलाला हायस्कूलची फी झेपत नसे. भाऊरावांनी त्याला दान देण्याऐवजी काम दिले. मुलाने दिवसाचे काही तास श्रम करावेत आणि त्या श्रमाच्या मोबदल्यात शिकावे. कमवा आणि शिका या नावाने ही योजना पुढे प्रसिद्ध झाली. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव यांच्या नावाने मोफत आणि निवासी हायस्कूल निघाले. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी भाऊरावांच्या कामाला मदत केली होती आणि १९३९ साली त्यांचे निधन झाले होते. विद्यार्थ्यांनी माळरान खणले, दगड फोडले, मोटेने पाणी देऊन भाजीपाला पिकवला. सकाळी ज्याच्या हातात कुदळ त्याच्याच हातात दुपारी भूमितीचे पुस्तक. शिकलेला मुलगा कामाला लाजेल ही बापाची जुनी शंका इथे आपोआप मिटली. सुट्टीत घरी आलेला मुलगा वडिलांच्या आधी शेतावर जाऊ लागला.

पैसा कमी असला तरी भाऊराव पैशापुढे वाकत नसत. एका धनवान गृहस्थाने मोठ्या रकमेच्या बदल्यात संस्थेचे नाव बदलून आपल्या इच्छेप्रमाणे ठेवावे, असे सुचवले होते, ही गोष्ट संस्थेत अजून सांगतात. भाऊरावांनी ती रक्कम घेतली नाही. दिलेले नाव पैशासाठी बदलायचे म्हणजे आपल्या बापाचे नाव बदलण्यासारखे आहे, असे त्यांना वाटले. १९४७ साली, देश स्वतंत्र होत असताना, साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. तिथेही श्रम करून शिकण्याचीच पद्धत होती.

आणि नेमके याच वेळी सारी संस्था डोलू लागली. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. भाऊरावांनी त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कूले काढण्याचा निश्चय केला. पण त्याच सुमारास मुंबई सरकारशी त्यांचे मतभेद झाले. भाऊराव मनातले बोलून दाखवणारे. सरकारचे जे चुकते आहे असे त्यांना वाटले, ते त्यांनी सभांमधून सांगितले. सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले.

अनुदान बंद होणे म्हणजे काय, हे समजून घ्या. शेकडो शिक्षकांचे पगार, हजारो मुलांचे जेवण, नुकत्याच निघालेल्या कॉलेजचा खर्च, हे सारे त्यावर अवलंबून होते. भाऊरावांचे वय तेव्हा साठीच्या पुढे गेले होते. शरीर पूर्वीसारखे साथ देत नव्हते. शब्द मागे घ्यावेत, माफी मागावी आणि अनुदान सोडवून घ्यावे, असा सोपा मार्ग होता. मुलांच्या भल्यासाठी तसे केले असते तरी कोणी नावे ठेवली नसती. भाऊरावांनी तो मार्ग घेतला नाही. ते काठी आणि घोंगडी घेऊन पुन्हा गावोगाव निघाले. ज्या घरांतून तीस वर्षे मूठ मूठ धान्य आले होते, त्या घरांपुढे ते उभे राहिले. लोकांनी धान्य दिले, पैसे दिले. शिक्षकांची ओढाताण झाली, पण वर्ग चालू राहिले. बोर्डिंगात वाढून मोठ्या झालेल्या विद्यार्थ्यांनी आपापल्या परीने मदत केली.

गाडगे महाराज हे भाऊरावांचे जिवाभावाचे स्नेही. हातात खराटा घेऊन गावे झाडणारे आणि कीर्तनातून लोकांना शहाणे करणारे हे संत स्वतः निरक्षर होते. शाळेचे मोल मात्र त्यांना पुरते ठाऊक होते. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर त्यांना मानत. गाडगे महाराजांनी खेरांपाशी भाऊरावांसाठी शब्द टाकला. शेवटी अनुदान पुन्हा सुरू झाले. कराडला १९५४ साली रयत संस्थेचे कॉलेज निघाले तेव्हा त्याला सद्‌गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले गेले. पुढच्याच वर्षी साताऱ्यात माध्यमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी कॉलेज निघाले. त्याला भारताचे शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांचे नाव मिळाले. शाहू, फुले, सयाजीराव, शिवाजी, गाडगे महाराज आणि आझाद. एका संस्थेच्या फाटकांवरची ही नावे ओळीने वाचली, तरी भाऊरावांना कसा देश हवा होता ते कळते.

संस्थेचे बोधचिन्ह म्हणून भाऊरावांनी वडाचे झाड निवडले होते. वडाच्या पारंब्या खाली येतात, जमिनीत रुजतात आणि त्यांचीच पुढे खोडे होतात. भाऊरावांच्या अखेरच्या काळात संस्थेच्या माध्यमिक शाळा शंभरावर गेल्या होत्या. त्यांतील अनेक मुख्याध्यापक आणि शिक्षक हे एकेकाळी वसतिगृहात पाणी भरणारेच विद्यार्थी होते.

जानेवारी १९५९ मध्ये भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण हा किताब दिला. एप्रिल महिन्यात पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली. इंग्रजी सहावीत गणितासाठी अडलेला हा विद्यार्थी आता डॉक्टर झाला होता. त्याचा आनंद त्यांच्यापेक्षा त्यांच्या मुलांनाच, म्हणजे वसतिगृहांतल्या मुलांना, अधिक झाला. भाऊराव तेव्हा आजारी होते. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. साताऱ्यात संस्थेच्या आवारात त्यांची समाधी आहे.

ते उन्हाळ्याच्या सुट्टीचे दिवस होते. जून महिन्यात पाऊस आला आणि शाळा उघडल्या. डोंगरातल्या वाड्यांवरून बाप आपल्या मुलांना घेऊन पायी उतरू लागले. कोणाच्या डोक्यावर वळकटी, कोणाच्या हातात ज्वारीची लहानशी पिशवी. वसतिगृहाच्या ओसरीवर नव्या मुलांची नावे लिहून घेण्याचे काम सुरू झाले.